लोकशाहीर अण्णाभाऊ साठे आणि गावावर राहिलेली मैना

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



ऑगस्ट महिना लागला की आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये, भोसरीत, चाकणला चौकाचौकात फ्लेक्स लागतात. १ ऑगस्ट म्हणजे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांची जयंती. निगडीत त्यांचा पुतळा आहे, तिथं हार घालायला रांग लागते. वस्तीवस्तीतून मिरवणुका निघतात, डीजे लागतो, पोरं नाचतात. आपण बायका दारात उभ्या राहून बघतो आणि कुकरची शिट्टी झाली की आत जातो.

बचत गटांच्या बैठकांमध्ये मी कधीकधी विचारते, अण्णाभाऊ साठे कोण होते गं? एखादी म्हणते, ‘ते महामंडळाच्या कर्जाच्या फॉर्मवर ज्यांचं नाव असतं ते.’ दुसरी म्हणते, ‘मोठे पुढारी होते.’ शाळकरी मुलगी असेल तर ती ‘फकिरा’ कादंबरीचं नाव घेते. पण त्यांचं एखादं गाणं, एखादं नाटक कुणी सांगत नाही. म्हणून आज आपण त्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. अण्णाभाऊंनी गाणी रचली, वग लिहिले, नाटकं लिहिली. ती कुणासाठी लिहिली? ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी. कशी लिहिली? आणि त्यातून आपण बायकांनी काय उचलायचं? एवढंच आजचं बोलणं.

दीड दिवसाची शाळा

अण्णाभाऊंचं खरं नाव तुकाराम. आईचं नाव वालुबाई, वडिलांचं भाऊराव. गाव वाटेगाव, तालुका वाळवा. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. जन्म १ ऑगस्ट १९२०.

घर मांगवाड्यातलं. त्या काळात मातंग समाजाच्या वाट्याला काय होतं, ते जुन्या बायकांना सांगायला नको. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, लग्नात वाजवायचं आणि गावाबाहेर राहायचं. त्यात इंग्रजांनी १८७१ मध्ये एक कायदा आणला, गुन्हेगार जमातींचा कायदा. काही जमातींत जन्माला आलेला माणूस म्हणजे चोर, असंच सरकारनं ठरवून टाकलं. पुढे हा फास आपल्याकडच्या अनेक समाजांभोवतीही आवळला गेला. गावात कुठं चोरी झाली की यांना धरायचं, रोज पाटलाकडे नाहीतर चौकीवर हजेरी द्यायला लावायची. देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का पुसायला फार वेळ लागला. अजूनही पुरता पुसला गेला आहे असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

अशा घरातला हा मुलगा शाळेत गेला तो दीड दिवस. मास्तरांचा मार आणि अपमान खाऊन तो बाहेर पडला तो कायमचा. पण शाळा सुटली म्हणून शिक्षण सुटलं नाही. गावात तमाशाचा फड होता, पोवाडे गाणारे होते, दांडपट्टा खेळणारे होते. गाणं कसं उचलायचं, कुठं थांबायचं, समोरच्याला कसं हसवायचं, हे तो पोरगा बघून बघून शिकला. त्यांच्या नात्यातले बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. पुढे अण्णाभाऊंनी त्या फडातही काम केलं.

१९३० नंतरच्या दुष्काळी, मंदीच्या दिवसांत हे कुटुंब मुंबईला निघालं. गाडीभाड्याला पैसे नाहीत, म्हणून चालत. अंतर सव्वादोनशे मैलांच्या आसपास. वाटेत मिळेल ते काम करायचं, चार पैसे मिळाले की पुढं चालायचं. तेव्हा अण्णाभाऊ दहा-अकरा वर्षांचे होते. आपल्या चाकणच्या रस्त्यावर डोक्यावर बोचकं, काखेत मूल घेऊन एसटीतून उतरणारं कुटुंब आठवा. लातूरचं, बीडचं, परभणीचं, नांदेडचं. तसंच ते कुटुंब.

मुंबईत त्यांनी हमाली केली, फेरीवाल्याचं गाठोडं वाहिलं, गिरणीत काम केलं. आणि अक्षरं शिकले ती रस्त्यावर. दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे बोर्ड वाचत वाचत. आपल्या साक्षरता वर्गातल्या मावशी बसची पाटी वाचायला शिकतात ना, अगदी तसंच.

पहिला पोवाडा मच्छरांवर

आता एक मजेची गोष्ट ऐका. अण्णाभाऊ माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहायला आले. कामगारांची वस्ती. गटारं तुंबलेली, डास एवढे की रात्री डोळा लागेना. तिथं त्यांनी पोवाडा रचला तो कुणा राजाचा नाही, लढाईचा नाही. तो रचला मच्छरांवर.

पोवाडा म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. शूराच्या पराक्रमाचं गाणं. मुख्य शाहीर डफावर थाप मारून कथा पुढे नेतो, मागे उभे असलेले झीलकरी तुणतुणं आणि झांजेवर सूर धरतात, कडव्याच्या शेवटी ‘जी जी’ करून साथ देतात. अशा ऐटदार चालीत मच्छरांचं सैन्य वस्तीवर चालून आलंय असं कुणी गायलं, तर लोक पोट धरून हसणारच. पण हसता हसता मनात प्रश्नही उभा राहतो, ही गटारं साफ करायची कुणी? कामगारानं मुंबई चालवायची आणि झोपायचं मात्र डासांत, हे का?

मला अण्णाभाऊंच्या कामातली मुख्य गोष्ट इथंच दिसते. चाल लोकांची जुनी, ओळखीची. आतला विषय मात्र लोकांच्या आजच्या जगण्यातला. वर्तमानपत्र वाचता येत नाही, सभेतलं भाषण डोक्यावरून जातं, पण पोवाडा कानात शिरला की तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. गिरणीतला कामगार तो गुणगुणत घरी जातो, घरात बायको ऐकते, पोरं म्हणायला लागतात. एका रात्रीत गोष्ट चाळभर होते.

पुढे ते कम्युनिस्ट पक्षाच्या कामात ओढले गेले. १९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा लिहिला. हिटलरच्या फौजेला रशियाच्या त्या शहरात लोकांनी कसं थोपवलं, ती कथा. वाटेगावच्या मुलानं न पाहिलेल्या शहराचा पोवाडा लिहिला आणि तो कामगार वस्त्यांत गाजला. बंगालमध्ये मोठा दुष्काळ पडला, माणसं रस्त्यावर मेली, तेव्हा त्यांनी ‘बंगालची हाक’ लिहिली. दूरच्या माणसाचं दुःख आपल्या चालीत बसवलं की ते परकं वाटत नाही.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊ मातंग, अमर शेख मुसलमान, आणि जोडीला गवाणकर. अमर शेखांचा आवाज पहाडी, अण्णाभाऊंची लेखणी धारदार. गावोगाव, गिरणीच्या फाटकासमोर, मैदानात हे पथक कार्यक्रम करायचं. सरकारला त्यांची इतकी धास्ती वाटली की कार्यक्रमांवर बंदीही आली. डफ-तुणतुण्याला सरकार घाबरतं, तेव्हा त्या गाण्यात काहीतरी दम असणारच.

तमाशाचं लोकनाट्य कसं झालं

आता त्यांच्या नाटकांकडे येऊ. त्यासाठी आधी तमाशाचा घाट समजून घेतला पाहिजे.

आपला चाकण-नाशिक रस्ता धरून पुढे गेलं की नारायणगाव लागतं. त्याला तमाशाची पंढरीच म्हणतात. जत्रांचा हंगाम आला की तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर तिथल्याच. त्यांच्या कलेला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. आपल्या भागात तमाशा काही नवीन नाही. पण घरातल्या बायकांनी तो बघायचा नाही, अशीच रीत होती. नाचणारी बाई आणि बघायला मनाई असलेली बाई, दोघींच्या मध्ये एक कनात.

जुना तमाशा ठरलेल्या क्रमानं चालतो. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, पेंद्या आणि मावशी. मग बतावणी, म्हणजे सवालजबाब, थट्टा-मस्करी. आणि शेवटी वग, म्हणजे मुख्य कथानक. राजा, प्रधान, राणी, सोंगाड्या.

अण्णाभाऊंनी हा घाट मोडला नाही. त्यांनी त्यात बदल केले. गणात गणपतीऐवजी त्यांनी मायभूमीला, कष्टकऱ्यांना, हुतात्म्यांना वंदन केलं. गवळण काढून टाकली. बाजाराला निघालेल्या कष्टाच्या बाईला अडवून तिची छेड काढायची आणि त्यावर लोकांनी शिट्ट्या मारायच्या, हे त्यांनी आपल्या रंगमंचावर ठेवलं नाही. मैत्रिणींनो, ही गोष्ट सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीची आहे, हे लक्षात घ्या. आणि वगात राजा-राणीच्या जागी आले सावकार, शेतकरी, गिरणी कामगार, काळाबाजारवाला, निवडणुकीला उभा राहिलेला शेठ. सोंगाड्या मात्र राहिला. कारण मोठ्या माणसाच्या तोंडावर खरं बोलायची मुभा आपल्या परंपरेनं सोंगाड्यालाच दिली आहे.

स्वातंत्र्याच्या सुमाराला तमाशावर अश्लीलतेच्या नावाखाली सरकारी बंधनं आली. त्या काळात अण्णाभाऊंनी हाच घाट ‘लोकनाट्य’ या नावानं उभा केला. आज आपण सहज लोकनाट्य म्हणतो, त्या नावाला मान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

त्यांच्या वगांची नुसती नावं ऐका. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचं इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘मूक मिरवणूक’, ‘मुंबई कुणाची’. नावातच निम्मी गोष्ट आहे. देशभक्ताचं आडनाव घोटाळे ठेवलं की पुढं सांगायला काय उरलं? ‘इनामदार’ नावाचं त्यांचं नाटक हिंदी रंगभूमीवरही गेलं.

मैना कोण?

आता ज्या गाण्यासाठी महाराष्ट्र त्यांना विसरला नाही, त्या गाण्याकडे येते. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड. छक्कड म्हणजे लावणीच्या जातीचं, ठसक्यात म्हणायचं गाणं. अमर शेखांच्या आवाजात ते गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानं गाजवून गेलं.

गाण्यात काय आहे, ते माझ्या शब्दांत सांगते. पोटासाठी एक गडी मुंबईला निघतो. नवी नवरी गावाकडे राहते. त्याला तिचं रूप आठवतं, निघतानाचं तिचं रडणं आठवतं. इकडे मुंबईत तो बघतो, एका बाजूला श्रीमंती आणि दुसऱ्या बाजूला उपाशी, बेकार माणसांची गर्दी. आणि मग गाणं हळूच वळण घेतं. मैना म्हणजे फक्त बायको नाही. मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तोडलेली मराठी भूमी. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा. मुंबईसह महाराष्ट्र मिळावा म्हणून त्या वेळी लोक रस्त्यावर उतरले होते, गोळीबारात शंभराहून जास्त माणसं हुतात्मा झाली. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, पण सीमाभाग बाहेरच राहिला. म्हणून त्या भागात हे गाणं आजही डोळ्यांत पाणी आणतं.

बघा, किती मोठी गोष्ट किती साध्या वाटेनं सांगितली. राज्यांची पुनर्रचना, नकाशे, आयोग, हे कुणाला कळणार? पण बायको गावाकडे राहिली आणि आपण पोटासाठी इकडे आलो, हे दुःख गिरणगावातल्या प्रत्येक खोलीत होतं. त्या दुःखाला हात घातला आणि त्यातून सीमाप्रश्न समजावला.

आपल्या चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी भागात आज काय वेगळं आहे? एका खोलीत पाच-सहा पोरं कॉट बेसिसवर राहतात. कुणी ठेकेदाराकडे, कुणी ट्रेनी. सेकंड शिफ्ट, नाइट शिफ्ट. बायको गावाकडे सासू-सासऱ्यांपाशी. रोज मोबाईलवर दिसते, एवढाच फरक. आणि ज्या बायका नवऱ्याबरोबर इकडे आल्या, त्यांची आई, त्यांचं गाव, त्यांच्या मैत्रिणी तिकडे राहिल्या. म्हणजे मैना जशी गावावर राहिली, तशी ती आता कंपनीच्या फाटकाबाहेरही राहते.

आणि इथंच मला एक गोष्ट बोलायची आहे. त्या गाण्यात मैनेबद्दल गडी बोलतो. फार मायेनं बोलतो. पण मैना काय म्हणते? तिनं शेत कसं सांभाळलं, सावकाराला काय उत्तर दिलं, मनीऑर्डर आली नाही त्या महिन्यात चूल कशी पेटवली, रात्री दाराला कडी लावताना तिला कशाची भीती वाटली? ते गाणं अजून रचायचं राहिलं आहे. ते कुणी पुरुष शाहीर रचणार नाही. ते मैनेलाच रचावं लागेल.

बाईच्या बाजूनं लिहिणारा

अण्णाभाऊंना बाईचं दुःख कळत नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांनी तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या, शिवाय कितीतरी कथा. त्यात बाया ठळक आहेत. ‘वैजयंता’ ही तमाशात नाचणाऱ्या बाईची कादंबरी. कनातीच्या आतल्या बाईला तिथं नाव आहे, मान आहे, मन आहे. त्यावर चित्रपटही निघाला. ‘चित्रा’मध्ये फसवून बाजारात ढकलल्या जाणाऱ्या मुलींचं जग आहे. ‘चिखलातील कमळ’ ही मुरळीच्या प्रथेवरची कादंबरी. देवाच्या नावानं मुलगी सोडायची ही रीत जेजुरीच्या वाटेवर राहणाऱ्या आपल्याला काही अनोळखी नाही.

‘फकिरा’ ही त्यांची सगळ्यांत गाजलेली कादंबरी १९५९ सालची. दुष्काळात आपल्या उपाशी माणसांसाठी इंग्रजांचा खजिना आणि सावकाराची धान्याची कोठारं फोडणाऱ्या शूर मातंग वीराची कथा. ज्यांना सरकारनं गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या बाजूनं गोष्ट सांगितली तर तीच माणसं कशी दिसतात, हे त्या पुस्तकानं दाखवलं. ती कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. २०२२ मध्ये तिकडे मॉस्कोत त्यांचा पुतळाही बसला.

१९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णाभाऊंनी केलं. त्यांनी तिथं सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावर उभी नाही, ती दलित, कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. तळहात म्हटलं की मला आपल्या गटातल्या बायांचे हात दिसतात. दिवसभर असेंब्ली लाइनवर स्क्रू बसवून बोटांची टोकं सोललेले, नाहीतर कांदा काढून काळे पडलेले.

एवढं लिहिणारा माणूस बरीच वर्षं राहिला मात्र घाटकोपरच्या चिराग नगरात, झोपडपट्टीत. नाव गाजत होतं, पण घरात पैसा टिकला नाही. १८ जुलै १९६९ ला ते गेले. वय अवघं एकोणपन्नास पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी. ही गोष्ट जयंतीच्या मिरवणुकीत कुणी सांगत नाही.

दूर देशातला एक भाऊबंद

असं काम फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ऑस्ट्रेलिया देशात गोऱ्या लोकांच्या आधीपासून राहणारे तिथले मूळ रहिवासी आहेत. आपल्याकडच्या आदिवासींसारखं त्यांच्या जमिनी गेल्या, मुलं आईबापांपासून तोडून मिशनच्या शाळांत, वसतिगृहांत ठेवली गेली. त्या समाजाचं रक्त अंगात असलेले जिमी ची नावाचे एक गाणारे, गाणी रचणारे होते. समुद्रातून मोती काढणाऱ्या ब्रूम नावाच्या गावचे. १९४८ चा जन्म, २०१७ मध्ये निधन. त्यांनी मित्रांच्या साथीनं एक संगीत नाटक उभं केलं, ते १९९० मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलं. त्यात मिशनच्या शाळेतून पळालेला एक पोरगा लांबच्या प्रवासानं आपल्या गावी परत जातो. पुढे त्यावर सिनेमा निघाला.

त्यांनीही तेच केलं, जे अण्णाभाऊंनी केलं. लोकांच्या ओळखीच्या चाली घेतल्या, चर्चमधल्या गाण्याच्या, नाचाच्या. हसवलं, ताल धरायला लावला आणि त्यातूनच आपल्या माणसांवर काय गुदरलं ते सांगितलं. दोघांची भाषा वेगळी, देश वेगळा. पण गाव सुटलेल्या माणसाचं गाणं दोघांनीही ओळखलं.

आपल्याकडे काय आहे?

कुणी म्हणेल, ते शाहीर होते, आपल्याला कुठं गाणी रचता येतात? मैत्रिणींनो, हे खरं नाही. आपल्याच मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायांनी जात्यावर बसून ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्यासारख्या अभ्यासकांनी कार्यकर्त्यांच्या मदतीनं गावोगाव फिरून त्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. त्या रचणाऱ्या बहुतेक बायांना अक्षरओळख नव्हती. बाप, भाऊ, सासुरवास, दारू, दुष्काळ, सीता, बाबासाहेब, सगळं त्या ओव्यांत आहे. जातं गेलं, पिठाची गिरणी आली आणि ओवी थांबली. रचण्याची ताकद मात्र कुठं गेली नाही.

आमच्याकडच्या एका गटातली ताई ग्रामसभेत कधी तोंड उघडत नसे. पदर डोक्यावर ओढून मागे बसायची. तिच्या आळीत सांडपाणी दारात येत होतं. अर्ज दोन वेळा दिले होते. मग हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमात तिनं भोंडल्याच्या चालीवर त्या गटाराचं गाणं म्हटलं. बायका हसून हसून लोळल्या आणि दुसऱ्या दिवशी आळीतली पोरं तेच गाणं म्हणत फिरायला लागली. पुढच्या ग्रामसभेत त्या गटाराचा विषय इतरांनीच काढला. गटार लगेच बांधून झालं असं नाही, पाइप पडायला आणखी वर्ष गेलं. पण ताई आता पुढच्या सतरंजीवर बसते.

गटानं असं काही करायचं ठरवलं तर अण्णाभाऊंच्या कामातून चार गोष्टी घेता येतील.

पहिली, चाल नवी शोधू नका. भोंडला, ओवी, भारूड, गवळण, पाळणा, जी सगळ्यांच्या कानात आहे तीच घ्या.

दुसरी, विषय एकच घ्या आणि तो जवळचा घ्या. ‘महिलांवरील अत्याचार’ हा फार मोठा विषय झाला. ‘कंपनीची बस रात्री फाट्यावर सोडून जाते’ हा गाण्याचा विषय. ‘पगाराची स्लिप ठेकेदार देत नाही’ हा वगाचा विषय. मच्छर आठवा.

तिसरी, एक सोंगाडीण ठेवा. तुमच्या गटात एक तरी बाई अशी असतेच, जी बोलली की सगळ्या हसतात. रागानं सांगितलेलं माणूस कानाआड टाकतं, हसवून सांगितलेलं घरी घेऊन जातं.

चौथी, एकटीनं पुढे होऊ नका. शाहिराच्या मागे झीलकरी असतात म्हणून शाहिराला बळ येतं. ठेकेदाराविरुद्ध एकटी बाई बोलली तर दुसऱ्या दिवशी तिचं गेटपास बंद होतं. दहा जणींनी मिळून गाणं म्हटलं तर ते कुणा एकीचं राहत नाही. नावं घेऊ नका, विषय सांगा. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

एक गोष्ट मात्र जपायची. गाणं झालं म्हणजे काम झालं असं नाही. अण्णाभाऊंच्या गाण्यामागे संघटना उभी होती. संप होते, मोर्चे होते, सभा होत्या. गाण्यानं लोक गोळा होतात, पुढचं काम अर्जानं, बैठकीनं, पाठपुराव्यानंच होतं. म्हणून गटाच्या वहीत जसा हप्ता लिहिता, तसा अर्जाचा नंबर आणि तारीखही लिहून ठेवा.

येत्या महिन्याच्या बैठकीत हप्ता गोळा झाल्यावर अर्धा तास बाजूला काढा. ज्या मुलीला वाचता येतं तिनं ‘फकिरा’तलं नाहीतर ‘वैजयंता’तलं एक प्रकरण मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. तालुक्याच्या वाचनालयात ही पुस्तकं मिळतात. मग प्रत्येकीनं स्वतःच्या जगण्यातल्या एका गोष्टीवर दोन ओळी जुळवाव्यात. लिहिता येत नसेल तर तोंडी. चांगल्या झाल्या तर मोबाईलमध्ये भरून आपल्या रेडिओकडे पाठवा. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका. आपण त्या ‘मैनेचं गाणं’ म्हणून ऐकवू.

तुमच्या ओळींची वाट बघते. नमस्कार.